मदत हवी आहे: वनस्पती वर्गीकरणाचं काम एच-इंडेक्सच्या तक्त्यात कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. काम वर्गीकरणाचं, सड्यांवर (खडकाळ पठारांवर) उगवणाऱ्या वनस्पतींचं, त्यातही गेंदाचं (एरिओकॉलॉन). महाविद्यालयाच्या सीड मनीसाठी (संशोधन सुरू करायला मिळणारा निधी) अर्ज करायचा आहे. सोबत ‘संशोधनाचा प्रभाव’ या विषयावर दोन पानी टिपण मागितलंय आणि एक तक्ता दिलाय. त्यात रकाने तीनच: सायटेशन्स (इतरांनी आपल्या लेखांचे दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स (४ म्हणजे किमान चार-चार सायटेशन्स मिळालेले चार लेख), जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशन्सची सरासरी). माझा एच-इंडेक्स स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीवर ४ आणि गूगल स्कॉलरवर ७. नॅनोमटेरियलवर काम करणाऱ्या सहकाऱ्याचा २१. माणूस कष्टाळू आहे, त्याच्याविषयी काही म्हणणं नाही. पण दोघांना एकच फूटपट्टी?

आमच्या विषयात दुखणं मुळातच आहे. आंब्याच्या शास्त्रीय नावामागे ‘एल.’ लिहितात, म्हणजे लिनियस. नाव १७५३ सालचं, आजही वापरात. पण आंब्यावरच्या पेपरच्या संदर्भसूचीत लिनियसचा ग्रंथ सहसा कोणी देत नाही, त्यामुळे सायटेशन शून्य. नव्या जातीचं वर्णन करणाऱ्या प्रत्येकाची हीच गत: नाव सगळे वापरतात, मोजत कोणी नाही. शिवाय इम्पॅक्ट फॅक्टर आधीच्या दोन वर्षांतले लेखच बघतो. आमची वर्णनं कधीकधी पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी कामी येतात!

प्राणी वर्गीकरणाचं तर २०२० साली हसं झालं होतं. ‘झूटॅक्सा’ या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने स्वतःचेच फार संदर्भ दिल्याबद्दल इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून काढलं. नव्या प्राण्यांच्या वर्णनांचा मोठा वाटा त्याच जर्नलमध्ये छापून येतो, मग संदर्भ दुसऱ्या कुठले देणार? जगभरातून ओरड झाल्यावर काही आठवड्यांत निर्णय मागे घेतला.

माझ्याकडे दाखवण्यासारखं आहे ते असं: पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा केलेले नमुने, आणि आसपासच्या काही ग्रामपंचायतींच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वापरलेली माझी यादी. याला तक्त्यात रकाना नाही. टिपणात हे कसं मांडू? एच-इंडेक्सच्या दोन आकड्यांपैकी कुठला देऊ? आणि ‘डोरा’ या संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या जाहीरनाम्याचा हवाला दिला तर समिती चिडेल का? जाणकारांनी सांगावं.

गणिती_काका:
स्कोपसचा आकडा द्या, तारखेसह. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचे मसुदे), परिषदेतले लेख असं सगळंच धरतं, म्हणून तो फुगतो. तो द्यायचाच तर शेजारी द्या, त्याच्याऐवजी नको.
एच-इंडेक्सची कल्पना मांडणाऱ्या हर्शने २००५ च्या मूळ लेखातच लिहिलंय की जीवशास्त्रात हा आकडा भौतिकशास्त्रापेक्षा मोठा येतो. म्हणजे विषयाविषयांत तुलना नको, हे जनकालाच ठाऊक होतं. तुमच्याच अनुभवाच्या दोन-तीन वनस्पती वर्गीकरणवाल्यांचे आकडे शेजारी ठेवा, ४ एकदम लहान दिसणार नाही.
इम्पॅक्ट फॅक्टरवर कोणी अडलं तर ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चं उदाहरण द्या. २००८ साली त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास होता, पुढच्याच वर्षी थेट ५० च्या घरात! कारण शेल्ड्रिकचा एकच लेख, स्फटिकांची रचना काढायच्या त्याच्या सॉफ्टवेअरवरचा. बाकीचे लेख होते तसेच होते.
डोराचं एकच वाक्य लिहा: व्यक्तीचं मूल्यमापन जर्नलच्या आकड्यावरून करू नये. त्यावर व्याख्यान नको.

माळावरची_मैना:
समितीत बसलेय म्हणून सांगते. दोन पानं सगळे वाचत नाहीत, तक्ता मात्र सगळे बघतात. तेव्हा एच-इंडेक्सच्या रकान्यातच कंसात ‘वर्गीकरणात मूळ वर्णनाचा संदर्भ न देता नाव वापरलं जातं’ एवढं टाका. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, पण ‘मोलाचं सहकार्य लाभलं’ छापाचं नको. कुठल्या गावाच्या नोंदवहीत, कुठल्या वर्षी, यादीतल्या किती जाती घेतल्या, ते त्यात यायला हवं. हर्बेरियमच्या नमुन्यांचे नोंदणी क्रमांकही द्या.
आणि ‘तू मला साइट कर, मी तुला करतो’ म्हणणारा कोणी भेटला तर लांबूनच नमस्कार.

धागाकर्ता:
काका, ताई, दोघांचे आभार. नोंदणी क्रमांकांचं डोक्यातच नव्हतं, आजच काढतो. नोंदवहीबद्दल असं पत्र ग्रामसेवकांकडून घ्यायचं की जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडून? कोणी घेतलं असेल तर मसुदा व्यनि कराल का?