चुका सारखा तुऱ्यावर जातोय, मदत हवी आहे

बाल्कनीबाग: या वेळीही तेच. रोप वीतभर होतं, पानं जेमतेम रुपयाएवढी, की लगेच मधून दांडा वर आणि गुलाबी तुरे. भाजी कधी करायची? खतही घातलंय. लवकर सांगा, उपटून टाकायच्या बेतात आहे.

गच्चीकर: ऊन किती? कुंडी केवढी? पेरलं कधी?

मुळशीकर: चुकाच आहे ना? लोक अंबाडी आणून चुका म्हणतात.

बाल्कनीबाग: अंबाडी ओळखते हो मी. कुंडी नेहमीचीच. पश्चिमेची बाल्कनी, सिंहगड रस्ता.

सेंद्रियप्रेमी: दर आठवड्याला जीवामृत द्या. युरिया घातला असेल तर आशा सोडा.

गच्चीकर: जीवामृताने दांडा आत जातो का? ताई, नेहमीची म्हणजे केवढी? आणि पेरलं कधी?

बाल्कनीबाग: ८ इंची. होळीच्या आसपास.

मुळशीकर: मग बरोबर आहे. चुका थंडीतला. ऊन तापलं की त्याला बी धरायची घाई होते, त्यात कुंडी लहान. पुण्यात दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत पेरा. पसरट टब, वीतभर माती, उगवला की विरळणी करा, नाहीतर पानं अशीच बारीक राहतात. महिना-सव्वा महिन्यात बाहेरची पानं खुडा, मधला कोंब सोडा. आत्ताचे तुरे उपटू नका. ती पापुद्र्यासारखी फळं वाळली की चोळून बघा, आत बारीक तपकिरी बी असतं. तेच पुढे पेरा.

मंडईकाकू: एवढा खटाटोप कशाला? मंडईत गड्डी मिळते. अळूच्या फदफद्यात चुका घालाच, घसा खाजत नाही. पितळी पातेलं असेल तर कल्हई बघून घ्या.

सेंद्रियप्रेमी: मुतखडा असणाऱ्यांनी खाऊ नये, ऑक्झलेट असतं.

मंडईकाकू: इथे मुतखडा कोणाला झालाय? आणि आमच्याकडे दाणे, डाळ, गूळ घालून पातळ भाजी होते, वर लसणाची फोडणी. सगळे धडधाकट आहेत.

बाल्कनीबाग: भाजी करता येते मला, आधी पानं तर येऊ देत! हिरवी जाळी लावली तर मेपर्यंत निघेल का?

मुळशीकर: पश्चिमेच्या उन्हात नाही निघायचा. आता माठ पेरा. अंबाडीलाही ऊन चालतं.

बाल्कनीबाग: अंबाडी घरात कोणी खात नाही. माठ पेरते. तुरे ठेवलेत.

गच्चीकर: माठ लाल की हिरवा?