मोत्सार्टची मेहुणी आणि ‘रात्रीची राणी’: नक्की कोणती मेहुणी?

कणसूर: ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातली (संगीत नाटकातली) रात्रीची राणी मोत्सार्टने मेहुणीच्या गळ्यासाठी बेतली, असं वाचतो. ज्या मेहुणीवर त्याचं आधी प्रेम होतं, तीच का ही? आणि राणीच्या दुसऱ्या गाण्यातला तो सगळ्यात वरचा सूर आपल्या हिशेबात कुठे येतो?

जुनी_तबकडी: ती नव्हे. मोत्सार्टच्या सासरी, वेबरांच्या घरात चार बहिणी: योझेफा, आलोइझिया, कॉन्स्टांझ, सोफी. प्रेम आलोइझियावर होतं. १७७८च्या डिसेंबरात तिने म्युनिकला त्याला झिडकारलं. १७८२ साली लग्न झालं कॉन्स्टांझशी. राणी गायली ती थोरली योझेफा होफर, म्हणजे आपल्या भाषेत मोत्सार्टची अक्कडसासू. पहिला प्रयोग व्हिएन्नात, ३० सप्टेंबर १७९१ला. गंमत म्हणजे १७८१च्या डिसेंबरात वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने याच बाईला आळशी आणि कपटी ठरवलं होतं!

अतितार: वरचा सूर म्हणजे पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबात सफेद चार, आजच्या पट्टीत साधारण १३९७ हर्ट्झ. काळी चारला सा धरणाऱ्या गायिकेला तो अतितार (तारच्याही वरच्या) सप्तकातला शुद्ध धैवत. तार पंचमापर्यंत जाणारा गळा धरलात, तरी त्याच्यावर अख्खं सप्तक आणि आणखी एक पूर्ण सूर. तेव्हाची पट्टी आजच्यापेक्षा जराशी उतरती होती, पण त्याने फार सुटका होत नाही. आलोइझियासाठी लिहिलेल्या एका गाण्यात (मोत्सार्टच्या रचनांच्या कोशेल यादीत क्रमांक ३१६) तर तो सफेद पाचला गेलाय.

पण खरी अडचण त्या सुराची नाहीच. तो सुट्या, टोचलेल्या सुरांतून येतो आणि क्षणात निघून जातो. पोटाचा हलका ठोका, जबडा सैल, एवढं जमलं की लागतो. छातीचा जोर लावून ढकलला की किंचाळी होते. फसगत मध्यावर होते. या गाण्याला तुताऱ्या आणि नगाऱ्यासारखी टिंपनीही आहे. नाजूक गळा वर पोचतो, पण मधल्या जागा वाद्यांखाली बुडतात. शेवटी ‘ऐका’ म्हणताना वरची काळी पाच दाबून, भरून धरायची असते, आणि तोवर श्वास उधळलेला असतो. संगीतकार झायफ्रीडच्या आठवणीनुसार, मरणाच्या आदल्या संध्याकाळी मोत्सार्ट भ्रमात हेच गाणं ऐकत होता, आणि मेहुणी ती काळी पाच किती जोरकस धरते याचं त्याला कौतुक होतं. म्हणजे बाईंचा गळा नुसता उंच नव्हता, वजनदारही होता.

कणसूर: होफर हे सासरचं नाव का? पुढे काय झालं तिचं?

जुनी_तबकडी: हो. नवरा फ्रान्झ होफर व्हायोलिनवादक, लग्न १७८८चं. हे साडू १७९०च्या फ्रँकफुर्ट दौऱ्यात मोत्सार्टबरोबर होते. होफर १७९६ साली गेला. पुढच्याच वर्षी तिने गायक मायरशी लग्न केलं. बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ ऑपेरातला पहिला पिझारो (खलनायक) तोच, १८०५चा. राणी ती १८०१पर्यंत गात राहिली, म्हणजे दहा वर्षं तोच धैवत. १८१९ला व्हिएन्नात वारली. आणि संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर तिचा सख्खा चुलतभाऊ, हे नातं मात्र माहेरचं.

अतितार: बसवायचं असेल तर राणीचं पहिलं गाणं आधी घ्या. सुरुवात संथ, विलापाची, तान शेवटी. लोक उलट करतात आणि दुसऱ्यावरच गळा बसवतात.