मदत हवी आहे: स्पाची रेस येतेय, पण विंगचं जुनं गणित यंदा चालेल का?

नमस्कार मंडळी, १९ जुलैला स्पाला फॉर्म्युला वनची बेल्जियन ग्रांप्री आहे आणि यावेळी मला रेस नीट समजून बघायचीय, म्हणजे नुसतं कोण पुढे कोण मागे एवढंच नाही तर शुक्रवारच्या पहिल्या प्रॅक्टिसपासून टायमिंग उघडून बसायचंय. स्पा माझं सगळ्यात लाडकं सर्किट. पण २०२६ मध्ये गाड्याच इतक्या बदलल्यात की या ट्रॅकबद्दल आजवर जे वाचलं-ऐकलं त्यातलं काय धरायचं नि काय सोडायचं तेच कळत नाहीये, जाणकारांनी मदत करा प्लीज.

मला जे माहितीय ते आधी सांगते. ७.००४ किमीचं सर्किट, कॅलेंडरवरचं सगळ्यात लांब, ४४ लॅप. स्टार्टनंतर लगेच ला सूर्सची हेअरपिन, तिथून गाडी उतारावरून ओ रूजच्या तळाला जाते आणि डावं-उजवं-डावं करत रेडियॉनचा चढ चढून वर येते, वरच्या टोकाला पोचेपर्यंत ड्रायव्हरला पलीकडचा रस्ता दिसतच नाही, आणि मग केमेल स्ट्रेट, ती थेट ले कोंबच्या ब्रेकिंगपर्यंत. हा सगळा पट्टा फुल थ्रॉटल. दुसऱ्या सेक्टरमध्ये (लॅपचे असे तीन भाग धरतात) उतार आणि वळणंच वळणं, त्यात पुऑनचं ते लांबलचक डबल लेफ्ट, मला तर ओ रूजपेक्षा तेच जास्त आवडतं खरं. तिसऱ्यात पुन्हा पाय खाली, ब्लांशिमाँमधून ताशी ३००च्या आसपास, आणि शेवटी बस स्टॉप शिकेन, म्हणजे लागोपाठची दोन घट्ट वळणं.

विंग म्हणजे हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरणारा पंख, तो दाब म्हणजे डाउनफोर्स, पण मोठी विंग सरळ रस्त्यावर हवेला अडते. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या सेक्टरला छोटी विंग हवी, दुसऱ्याला मोठी. छोटी लावली की केमेलवर ओव्हरटेक होतो पण पुऑनमध्ये गाडी सरकते आणि टायर लवकर संपतात, मोठी लावली की उलटं. वर क्वालिफायिंग सुरू झालं की पार्क फर्मे, म्हणजे सेटअपला हात लावायचा नाही, रविवारी हवा कशीही असो. २०२५ मध्ये वर्स्टॅपनच्या टीमने पाऊस धरून जास्त डाउनफोर्स ठेवला, आणि रेस सव्वा तासाहून जास्त उशिरा सुरू झाली, ट्रॅक भराभर वाळला, आणि तो अख्खी रेस लक्लेर्कच्या मागे चौथ्या नंबरवर अडकून राहिला. हे मला कळतं.

आता प्रश्न. यंदा अॅक्टिव्ह एरो आलंय, ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांत पुढच्या आणि मागच्या दोन्ही विंगचे फ्लॅप आडवे होतात, आणि ते सगळ्यांनाच, दर लॅपला, डीआरएससारखी (गेल्या वर्षीपर्यंतची मागची विंग उघडायची सोय) पुढच्या गाडीच्या एक सेकंदात असण्याची अट नाही. मग मोठी विंग लावून पुऑनमध्ये कमवायचं आणि केमेलवर फ्लॅप आडवे करून काहीच गमवायचं नाही, असं सगळेच करणार ना? म्हणजे स्पाचा तो पेचच संपला का? आणि तसं असेल तर प्रॅक्टिसमध्ये नक्की कशाकडे बघायचं? पोलवाल्याचं, म्हणजे पहिल्या जागेवरून सुटणाऱ्याचं काय, त्याला इथे फायदा असतो की नाही? पावसाचंही सांगा कोणीतरी.

प्रतिसाद

ताई, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलात. पेच संपलेला नाही, तो विंगवरून बॅटरीवर सरकलाय असं माझं मत.

आधी विंग. फ्लॅप आडवे केले की मोठ्या विंगचा तोटा बराच कमी होतो हे खरं, पण शून्य होत नाही. आणि ही सोय फक्त आखून दिलेल्या पट्ट्यांत. रेडियॉन चढताना गाडीला डाउनफोर्स लागतोच, ब्लांशिमाँ हेही शेवटी वळणच, त्या वेगात तिथे फ्लॅप आडवे ठेवू देतील असं मला वाटत नाही. त्यामुळे टीमा-टीमांमध्ये थोडा फरक दिसेल, पण पूर्वीसारखी एक गाडी पत्र्याएवढी पातळ विंग घेऊन आणि दुसरी भलीमोठी घेऊन असं चित्र यंदा कमी दिसावं.

आता बॅटरी, कारण खरी रेस तिथे आहे. गेल्या वर्षीपर्यंत इलेक्ट्रिक मोटर १२० किलोवॅटची होती, यंदा ३५० ची आहे, जवळजवळ निम्मी ताकद तिच्याकडून येते. पण बॅटरीतून एका दमात वापरता येणारी ऊर्जा ४ मेगाज्यूलच. भागाकार करून बघा, ३५० किलोवॅटने खर्च केली तर साडेअकरा सेकंदांत संपली! आणि ला सूर्समधून बाहेर पडल्यापासून ले कोंबच्या ब्रेकिंगपर्यंत वीसेक सेकंद पाय खालीच असतो. म्हणजे सगळी ताकद सगळीकडे वापरणं शक्यच नाही, कुठे ओतायची आणि कुठे हात आखडायचा हे ठरवावंच लागणार.

त्यात स्पाला भरून घ्यायच्या जागा लांबीच्या मानाने कमी. जोरात ब्रेक लागतो तो ले कोंब, बस स्टॉप, ला सूर्स, मधे रिवाजची हेअरपिन आणि अजून एखाद-दुसरी जागा. एमजीयू-एच यंदा काढून टाकलंय, त्यामुळे एक्झॉस्टमधून मिळायची तीही आवक बंद. मग टीम काय करतात, तर वळणांमध्ये अर्धा थ्रॉटल असताना भरून घेतात, नाहीतर सरळ रस्त्याच्या शेवटी पाय खाली असतानाच मोटर उलटी चालवून इंजिनाचीच ताकद बॅटरीत ढकलतात. त्यालाच सुपर क्लिपिंग म्हणतात.

प्रॅक्टिसमध्ये बघायचं ते हेच. ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरचा कॅमेरा, लागला की केमेलवर खालच्या ग्राफिककडे नजर ठेवा, थ्रॉटलची पट्टी पूर्ण भरलेली आणि वेगाचा आकडा मात्र थांबलाय किंवा चक्क उतरतोय, ब्रेकला हातही न लावता. कुठल्या गाडीचा आकडा किती आधी थांबतो ते टिपून ठेवा. लॅपटाइमपेक्षा रविवारबद्दल ते जास्त सांगेल. आणि दुसऱ्या सेक्टरची वेळ वेगळी बघा, तिथे ज्याची गाडी चांगली त्याचे टायर टिकणार.

एक गोष्ट अजून. पुढच्या गाडीच्या एक सेकंदात असलं की मागच्याला ओव्हरटेक मोडची जास्तीची ऊर्जा मिळते. त्यामुळे हुशार ड्रायव्हर ब्लांशिमाँला थोडं सोडून देईल, बॅटरी राखेल, बस स्टॉपला चिकटेल आणि ला सूर्समधून निघताना सगळं केमेलसाठी ओतेल. समोरच्याला हे दिसत असतं, तोही मग राखतो. हा डाव लॅपमागून लॅप चालेल, मला तर याचीच सगळ्यात जास्त उत्सुकता आहे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१. पोलचं मी सांगतो. गेल्या चार वर्षांत स्पाला पहिल्या जागेवरून सुटलेला एकही जण जिंकलेला नाही. २०२२ ला साइन्स पुढे होता आणि वर्स्टॅपन १४व्या जागेवरून येऊन जिंकला, २०२३ ला लक्लेर्क पोलवर आणि वर्स्टॅपन सहावरून जिंकला, २०२४ लाही लक्लेर्कच, २०२५ ला नॉरिस. यातल्या काहींमागे पेनल्ट्यांचा घोळ होता हे मान्य, पण नॉरिसचं बघा, सुरुवातीला सगळ्यांना हळू नेणारी सेफ्टी कार आत गेली आणि पहिल्याच खऱ्या लॅपला पियास्त्रीने रेडियॉनमधून त्याच्या मागे चिकटून केमेलवर स्लिपस्ट्रीम (पुढच्या गाडीने कापलेली हवा) घेतली आणि ले कोंबच्या आधीच पुढे. इथे पहिल्या लॅपला पुढे असणं म्हणजे मागच्यासाठी हवा कापून देणं. २००० साली हक्किनेनने शूमाकरला याच रस्त्यावर मागे टाकलं होतं, मधे लॅपने मागे पडलेला झोंटा आणि त्याच्या दोन बाजूंनी दोघं, ती क्लिप अजून पाहिली नसेल तर आजच बघा.

२०२४ चं तर विसरूच नका. रसेल सहावरून सुटून एकाच पिटस्टॉपमध्ये रेस काढून पहिला आला, आणि वजनात गाडी दीड किलो कमी भरली म्हणून बाद, विजय हॅमिल्टनला. याचाही संबंध ट्रॅकशी आहे. बाकीकडे रेस संपल्यावर ड्रायव्हर एक अख्खा हळू लॅप मारतात, तेव्हा टायरवर रस्त्यावरचं पडलेलं रबर गोळा होतं आणि वजन थोडं वाढतं. स्पाला लॅप इतका लांब की गाड्या ला सूर्सलाच वळून पिटलेनमध्ये येतात, ती भर पडतच नाही. झिजलेल्या टायरवर एक स्टॉपची रेस काढणाऱ्याने हे आधीच हिशेबात धरायला हवं.

प्रतिसाद

पावसाबद्दल लिहितो. सात किमीचा ट्रॅक आणि चढउतार जवळपास १०० मीटरचा, त्यामुळे ला सूर्सला कोरडं आणि पुऑनला धो धो असं होऊ शकतं. अशा वेळी टायर कुठला यावर टीमरेडिओवर जी घालमेल चालते ती ऐकण्यासारखी असते. गेल्या वर्षी हॅमिल्टन पिटलेनमधून सुटला होता, ११व्या लॅपला सगळ्यांच्या आधी स्लिक, म्हणजे कोरड्या ट्रॅकचे टायर, घ्यायला आला आणि सातवा आला.

पण ताई, पाऊस असला तर रेस उशिरा सुरू होईल ही तयारी ठेवा, आणि कृपया त्यावरून रेस कंट्रोलला शिव्या घालणाऱ्यांत सामील होऊ नका. केमेलच्या दोन्ही बाजूंना झाडी आहे, उडालेलं पाणी तिथेच लटकून राहतं, मागच्याला पुढची गाडी दिसत नाही. २०१९ मध्ये रेडियॉनच्या पुढे आंत्वान ह्युबेर गेला, २०२३ मध्ये पावसात केमेलवर डिलानो व्हॅन्ट हॉफ गेला, अठरा वर्षांचा पोरगा. २०२१ ला सेफ्टी कारमागे फिरवून अर्धे पॉइंट वाटले ते मलाही पटलं नव्हतं, पण थांबणं आणि खोटी रेस दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबावं लागलं तर थांबावं. ओल्यात अॅक्टिव्ह एरोवरही बंधनं येतात, त्यामुळे पाऊस आला तर विंगचं जुनं गणित थोडंफार परत येईल असं धरून चाला.

धागाकर्ती

मंडळी, खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ४ मेगाज्यूलचा भागाकार करून पाहिला आणि एकदम डोक्यात बसलं. वजनाचा ट्रॅकशी असलेला संबंध तर माहीतच नव्हता. व्हॅन्ट हॉफचं वाचून वाईट वाटलं, उशीर झाला तर कुरकुर करणार नाही.

शुक्रवारी दोन्ही प्रॅक्टिसमधला केमेलचा वेगाचा आकडा आणि दुसऱ्या सेक्टरच्या वेळा पहिल्या दहा गाड्यांच्या लिहून काढते आणि रात्री याच धाग्यावर टाकते. एकच शंका उरली, ट्रॅफिकमध्ये किंवा दुसऱ्याच्या स्लिपस्ट्रीममध्ये मारलेला लॅप कसा ओळखायचा? तसे लॅप यादीत आले तर आकडे फसवे होतील ना? कोणाला माहीत असेल तर शुक्रवारच्या आधी सांगा.