मारिया टॉलचीफच्या बॅलेत ओसेज काय होतं?

ओवी:
मी लहानपणापासून बॅले शिकतेय. सध्या मारिया टॉलचीफबद्दल मिळेल ते वाचते. १९२५ साली अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या फेअरफॅक्समध्ये जन्मलेली ओसेज (तिथली एक मूळनिवासी जमात) बापाची मुलगी, १९४९ साली नृत्यरचनाकार बालान्चिनचा 'फायरबर्ड' नाचते आणि सगळ्या अमेरिकेत नाव काढते. पण तिच्या भूमिका बघा: रशियन लोककथेतला पक्षी, हंसराणी, 'नटक्रॅकर'मधली शुगर प्लम परी. जमातीचा ड्रम नाही, प्रार्थना नाही. मग बॅलेपायी तिने घरचं सोडलं असंच म्हणायचं ना?

सुमेधा:
मला तसं अजिबात वाटत नाही. मी बॅले शिकवते आणि मुलींना तिच्याबद्दल सांगताना सुरुवात तिच्या बालपणापासून करते. तिला आणि धाकट्या मार्जोरीला तेव्हा जत्रांमधून, रोडिओंमधून (गुराख्यांच्या खेळांमधून) 'इंडियन', म्हणजे मूळनिवासींचा म्हणून, नाच करायला लावायचे. झालरीचे कातडी कपडे, डोक्याला पिसं, पायात घुंगरं, आणि मोकॅसिनच्या (मऊ कातडी जोड्यांच्या) आत चक्क पॉइंट शूज, बॅलेत पंज्यांवर उभं राहायचे बूट! त्यात अस्सल काहीही नव्हतं, असं तिनेच आत्मचरित्रात लिहिलंय. ते कपडे अंगाला होईनासे झाले तेव्हा दोघींची सुटका झाली.

त्याच वयात आजी तिला खऱ्या विधींना न्यायची. सरकारी बंदीमुळे ते आडबाजूला, लपूनछपून चालत. (मूळनिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हायला १९७८ उजाडलं!) लोकांसमोर करायचं काय आणि आपल्यापाशी ठेवायचं काय, हे त्या पोरीने असं डोळ्यांनी पाहिलं होतं. आजीने जे जिवापाड जपलं ते तिने तिकीट लावून दाखवलं नाही. मला त्यात श्रद्धा दिसते.

आणि अडायचं तिथे ती अडलीच. १९४२ साली 'बॅले रूस द माँटे कार्लो' या बॅले कंपनीत गेली तेव्हा रशियन नाव घ्यायची चाल होती. तिलाही 'टॉलचीवा' हो म्हणून सुचवलं. एलिझाबेथ मारीची मारिया व्हायला तिची हरकत नव्हती, आडनावाला मात्र तिने हात लावू दिला नाही.

मंदार:
आडनावाचं पटलं. पण विधी मंचावर आणले नाहीत, त्याला श्रद्धा म्हणायचं की नाइलाज? त्या काळात तिला दुसरी वाट तरी कुठे होती? १९६७ साली 'फोर मून्स' हा बॅले झाला, संगीत लुई बॅलार्डचं, तेही मूळनिवासीच. त्यात ओक्लाहोमाच्या चार बॅलेरिना आपापल्या जमातीचा वारसा घेऊन एकेकट्या नाचल्या: मार्जोरी, रोझेला हायटावर, इव्हॉन शूटो, मोसेलिन लार्किन. मारिया तोवर निवृत्त झाली होती. पुढे २०१२ साली रँडी टिंकर स्मिथ या ओसेज बाईंनी 'वाझाझे' हा ओसेज इतिहासावरचा अख्खा बॅले उभा केला. संधी मिळाली की लोक वारसा मंचावर आणतातच.

सुमेधा:
मंदार, नाइलाज होताच, मान्य. पण 'वाझाझे' मला तिच्या विरुद्ध टोकाचा वाटत नाही. काय दाखवायचं ते ओसेज माणसांनीच ठरवलं. जत्रेतल्या त्या पिसांच्या वेळी ते भलतंच कुणी ठरवत होतं. आणि आपली गोष्ट सांगायला त्यांनी बॅलेच का निवडला असेल? टॉलचीफ बहिणींनी तो ओसेज घरांत आधीच नेला होता म्हणून, असं मी समजते.

ओवी, तू स्टुडिओत 'फायरबर्ड'चा पहिला प्रवेश करून बघ. ते झेपावणं, मान झटकन वळवणं, बोटांच्या टोकापर्यंतचा ताण. तिथे ती कुठल्या जमातीची हे सांगत बसायला फुरसतच नाही. तिच्यावर ते ओझं लादावंसं मला वाटत नाही.

ओवी:
फायरबर्डचं पटलं, नाइलाजावर अजून विचार करतेय. एक विचारू? ओसेज लोकांचे आजचे नाच परक्या माणसाला बघता येतात का?

सुमेधा:
हो. इन-लॉन-श्का हा त्यांचा नाच दर जूनमध्ये होतो, ग्रेहॉर्स, हॉमिनी आणि पॉहस्का या तीन ठिकाणी. ड्रम मधोमध असतो, नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. आपण कडेला बसायचं, तिथली माणसं सांगतील तसं वागायचं आणि फोन पिशवीतच ठेवायचा.