अनुभव धागा : मोठा ट्राउट समोर आला, तेव्हा हाताने काय केलं?

डोंगरी नदीवर फ्लाय फिशिंग (गळाला नकली माशी लावून मासेमारी) करणाऱ्यांनो, आज वजनं आणि लांबी नको, त्यात सगळेच सढळ असतात. ऐन वेळी हाताने काय घोळ घातला तेवढं सांगा. सुरुवात मी करते.

मोठ्या दगडामागे पाणी संथ होतं, तिथे तो दडलेला. थोड्या थोड्या वेळाने नाक वर. माझी दोरी मधल्या वेगवान धारेत पडायची, धार तिला ओढायची आणि नकली माशी पाण्यावर रेघ काढत पळायची. असा पळणारा किडा त्याने जन्मात पाहिला नसणार. पाऊण तासाने अक्कल आली: दोरी पडताच तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकला. माशी चार हात मोकळी वाहिली. नाक वर आलं आणि मी असा हिसडा दिला की माशी थेट माझ्याच टोपीत! नवरा ती टोपी अजून लोकांना दाखवतो.

—

हिसडा देऊच नका. तोंड मिटून डोकं खाली वळेपर्यंत थांबायचं, मग नुसता रॉड उचलायचा. सांगायला सोपं, मलाही पाच वर्षं लागली.

—

रीलचा ड्रॅग (दोरी सुटताना तिला अडवणारा ब्रेक) आवळलेला राहिला. टप्, दोरी तुटली. विषय संपला.

—

आमच्याकडे वर काहीच हालचाल नव्हती, तरी बाकीचे सुकी माशी (पाण्यावर तरंगणारी) टाकत बसलेले. ट्राउटचं बरंचसं जेवण पाण्याखालीच होतं, म्हणून मी निंफ (पाण्याखालच्या अळीसारखी नकली माशी) लावली. वाहती दोरी मध्येच थबकली. दगडात अडकली समजून रॉड उचलला, तर दगड पळायला लागला! टिपेट (दोरीचं माशीकडचं बारीक टोक) ५एक्स, म्हणजे जाडी जेमतेम ०.१५ मिलिमीटर. तो पळाला की दोरी सोडायची, थांबला की गुंडाळायची, आणि मी गोट्यांवरून धडपडत त्याच्यामागे खाली.

जाळीत आला तेव्हा दोघेही दमलेलो. गळाचा उलटा काटा आधीच चेपलेला, त्यामुळे गळ चिमट्याने लगेच निघाला. ओल्या हातांनी त्याला पाण्यातच धरला, तोंड प्रवाहाकडे. कल्ले उघडत-मिटत होते. बराच वेळ काही नाही. मग शेपटीत एकदम जोर आला आणि गेला. मित्राने काढलेल्या फोटोत फक्त माझी भिजलेली बाही आहे.

—

पाणी किती अंश होतं? २०च्या वर गेलं की मी रॉड आवरतो. इतक्या गरम पाण्यात सोडलेला मासाही नंतर मरू शकतो.

—

सकाळचं होतं, ११. थर्मामीटर खिशात असतो, टोपीत माशी नसते. 😄