प्रति: मानवी लांडग्याचं आकर्षण

माणूस पौर्णिमेला लांडगा होतो आणि चांदीनेच मरतो, हे सगळं प्राचीन लोककथांतून जसंच्या तसं आलंय, हे या चर्चेत वर कुणी लिहिलेलं अर्धंच पटलं. चंद्राचे उल्लेख जुने आहेत, पण आज आपण जे 'नियम' धरून चालतो ते बरेचसे १९४१ च्या 'द वुल्फ मॅन' या हॉलिवूडपटाने आणि त्याच्या पुढच्या भागाने पक्के केले. पटकथाकार कर्ट सिओडमाक नाझी जर्मनीतून निसटलेला ज्यू. त्याच्या सिनेमातल्या मानवी लांडग्याला पुढच्या बळीच्या तळहातावर चांदणी दिसते, आणि नाझींनी ज्यूंना कपड्यांवर लावायला लावलेली खूणही चांदणीचीच! हे कळल्यावर तो सिनेमा मला निव्वळ भयपट वाटेनासा झाला. ड्रॅक्युला मजेत रक्त पितो. इथे मात्र सकाळी शुद्धीवर आलेला भला माणूस स्वतःलाच घाबरतो. केसाळ मेकअपपेक्षा मला तरी तेच जास्त खेचतं.