बेगमपुऱ्यातल्या जुन्या वाड्यात 'लक्झरी' फ्लॅट, घ्यावा का?

परतूरकर: नमस्कार मंडळी, सध्या संभाजीनगरात भाड्यानं राहायलो. बेगमपुऱ्यात एक जुना दगडी वाडा बिल्डरनं आतून नवा करून चार फ्लॅट पाडलेत, जाहिरात 'ऐतिहासिक वास्तूत लक्झरी घर' अशी. वरच्या मजल्यावरचा बघून आलो, सागवानी खांब, देवळ्या, खाली ढेलज तशीच ठेवलीय अन् बाथरूमात जकुझी, बायको तर बघताच हरखली. रेट मात्र सिडकोतल्या नव्या फ्लॅटच्या बराच वर. एजंट म्हणतो चारच फ्लॅट हायेत म्हणून रेरा (गृहप्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा) लागत नाही. खरंय का? अजून काय बघावं?

खडकी_१६१०: आठपर्यंत फ्लॅट असले तर नोंदणी लागत नाही, तेवढं खरंय. पण मग रेराच्या साईटवर बघायला काहीच नसतं, सगळी तपासणी तुमच्याच गळ्यात. आधी बीबी का मकबऱ्यापासून अंतर मोजा. तो केंद्र सरकारचा संरक्षित, २०१० च्या दुरुस्तीनंतर हद्दीपासून १०० मीटरात नवं बांधकाम बंद अन् पुढच्या २०० मीटरात परवानगी घेऊनच. जुन्या घराची डागडुजी करता येते पण त्यालाही परवानगी लागते, ती लेखी दाखवा म्हणावं. वरचा मजला मुळात होता का नंतर चढवलाय हेही विचारा, खरी गोम तिथंच असती.

बांधावरचा_वकील: पीआर कार्ड (शहरातल्या जागेचं मालमत्ता पत्रक) काढा अन् धारणाधिकाराचा, म्हणजे जागा कोणत्या हक्कानं धरलीय त्याचा, रकाना नीट वाचा. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या इनामी जागा लई, मदतमाश (पोटापाण्यासाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेपोटी दिलेल्या), देवस्थान, काही वक्फच्या. वक्फ बोर्डाचं ऑफिस पाणचक्कीतच हाय, बेगमपुऱ्यातून चालत जाता येतं, एक चक्कर मारा. जुने कागद उर्दूत निघतील, वाचणारा माणूस गाठा, एजंटनं सांगितलेल्या अर्थावर जाऊ नका. सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या खरेदी-गहाणाच्या नोंदींचा तपास, ३० वर्षांचा घ्या. अन् जमिनीतला तुमचा हिस्सा कोणत्या कागदात लिहिलाय ते बघा. तो कागद नसला तर नुसत्या देवळ्या विकत घ्यायलात. भोगवटा प्रमाणपत्र नसलं तर बँक कर्जालाही नाक मुरडती.

चुन्याचा_घाणा: कागद होतील हो, भिंतीचं काय? असल्या भिंती दगड-चुन्याच्या, त्या ओल घेतात अन् बाहेर सोडतात. वरून सिमेंटचं प्लास्टर अन् चकचकीत पेंट मारला की ओल आत कोंडती, दोन पावसाळ्यात पापुद्रे सुटायला लागतात. कोपऱ्यात प्लास्टर कशाचं हाय ते खरवडून बघा, बिल्डर नको म्हणला तर समजून जा. तुमचा वरचा मजला म्हणजे डोक्यावर मूळचं माळवद (लाकडावरचं मातीचं सपाट छत) असणार. ते काढून स्लॅब टाकला असंल तर त्याचं वजन जुन्या भिंतीनं पेलतंय का, याचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट मागा. माळवद तसंच असंल तर दरसाली पांढरी माती कोण टाकणार?

गुलमंडी_कट्टा: जकुझी 😂 नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारलं का? टाकी किती लिटरची, टँकर त्या बोळीत शिरतो का, हे बघा आधी. जायकवाडी धरण भरलेलं असलं तरी आपले ड्रम काही सुटत नाहीत.

परतूरकर: लई उपकार भावांनो. जमिनीतल्या हिश्श्याच्या कागदाचं विचारलं तर एजंट म्हणायला 'टोकन द्या, मग दाखवतो'. टोकन तर मी देत नाही. पीआर कार्ड ऑनलाईन निघतं का, का सिटी सर्व्हेलाच जावं लागंल?

बांधावरचा_वकील: महाभूमीवर (सरकारी भूमी अभिलेख साईट) डिजिटल सहीचं निघतं, सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेतला जागेचा नंबर) तेवढा घ्या एजंटकडून. तोही देत नसंल तर दुसरं घर बघा.